गाय फॉक्सचे नाव

इंग्रज व अमेरिकन लोक घरगुती बोलण्यात कोणाही पुरुषास ‘गाय’ म्हणतात, हे प्रथम ऐकणाऱ्या मराठी माणसास हसू आल्यावाचून राहत नाही. आपल्याकडेही गरीब स्वभावाच्या माणसाविषयी ‘बिचारा अगदी गाय आहे’ असे म्हणतातच. तेव्हा हा शब्द आपल्याच दावणीचा की काय, असा क्षणभर भास होतो. परंतु त्याचे मूळ गोठ्यात नसून बंदुकीच्या दारूने भरलेल्या एका तळघरात आहे.

गाय हे मूळचे नॉर्मन वळणाचे विशेषनाम. यॉर्क शहरी १५७० साली जन्मलेल्या गाय फॉक्सचे ते नाव होते. हा कॅथॉलिक मताचा शिपाईगडी फ्लँडर्समध्ये स्पेनच्या बाजूने लढला व तेथे स्वतःस ग्विदो म्हणवू लागला. पहिल्या जेम्स राजासह सगळी पार्लमेंट उडवून द्यावी, हा कट वस्तुतः रॉबर्ट केट्सबीचा. फॉक्सकडे दारूची राखण व बत्ती देण्याचे काम होते. उमरावांच्या सभागृहाखाली ३६ पिंपे लाकूडफाट्याआड दडविलेली होती. १६०५ च्या नोव्हेंबरातील ४ व ५ तारखांच्या दरम्यानच्या रात्री तो तेथेच पकडला गेला. नाव विचारले असता त्याने ‘जॉन जॉन्सन’ असे सांगितले. जे नाव पुढे कोट्यवधींच्या तोंडी बसावयाचे होते ते त्याच्या धन्याने प्रथम लपविले, ही गोष्ट आम्हास मोठी मौजेची वाटते. छळाअंती ते बाहेर पडले, आणि ३१ जानेवारी १६०६ रोजी वेस्टमिन्स्टर येथे त्यास देहान्त शासन झाले.

५ नोव्हेंबर हा दिवस ईश्वराचे आभार मानण्यासाठी पाळावा, असा कायदा पार्लमेंटने केला. तो १८५९ साली रद्द झाला, तरी होळ्या पेटतच राहिल्या. आरंभी त्या होळीत पोपचा पुतळाही जळे. पुढे फॉक्सचाच मान वाढला. जुन्या कपड्यांत गवत कोंबून केलेला पुतळा रस्त्यात मांडून मुले येणाऱ्याजाणाऱ्याकडून त्याच्या नावाने पेनी मागत. आमच्या शिमग्याच्या वर्गणीची येथे कोणास आठवण होणार नाही? यॉर्कच्या सेंट पीटर्स शाळेत मात्र असा पुतळा जाळीत नाहीत, कारण फॉक्स तेथला जुना विद्यार्थी! ही गुरुकुलाची माया आम्हास फार आवडते.

त्या पुतळ्यासच मुले ‘गाय’ म्हणू लागली. मग एकोणिसाव्या शतकात विचित्र पोषाखाचा जिवंत माणूसही ‘गाय’ ठरला. आपण ‘काय ध्यान आहे!’ म्हणतो, तसाच काहीसा प्रकार. एखाद्याची टर उडविणे, असे क्रियापदही त्यातूनच निघाले. (तंबूच्या ताणदोरास इंग्रजीत हाच शब्द आहे, पण त्याचे कूळ निराळे.)

अमेरिकेत गेल्यावर शब्दाचे दैव पालटले. १७७५ साली जॉर्ज वॉशिंग्टनने आपल्या सैन्यात ही होळी बंद केली. कॅथॉलिकांचे साहाय्य हवे असता त्यांच्या पोपचा पुतळा जाळणे त्यास पोरकटपणाचे वाटले. पुढे त्या देशात हा सण मावळला, आणि पुतळाच डोळ्यांसमोर नसल्यामुळे शब्दातील डंख निघून गेला असावा, असे आमचे मत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तेथे ‘गाय’ म्हणजे कोणीही इसम. दीडशहाण्यास ‘वाइज गाय’, आणि दुसऱ्याच्या अपराधाचे खापर ज्याच्या डोक्यावर फुटते त्यास ‘फॉल गाय’. केट्सबीऐवजी शतकानुशतके जळणाऱ्या फॉक्सला हे दुसरे बिरुद शोभते खरे! आमच्याकडे शकुनी व नारद ह्यांची सामान्यनामे झाली, सूर्याजी पिसाळाचे नाव फितुरीस चिकटले. परंतु ह्यांतील एकाही नावाचा अर्थ झिजून नुसता ‘मनुष्य’ असा उरला नाही.

खरा वाद अनेकवचनाचा आहे. इंग्रजीने आपला जुना ‘तू’ टाकून दिला व एकास आणि अनेकांस एकच ‘यू’ ठेवला. तू आणि तुम्ही ह्यांची नाजूक तारतम्ये सांभाळणाऱ्या आमच्या वाचकांस ती अडचण सांगावयास नको. ती भागविण्यासाठी अमेरिकन लोक ‘यू गाइज’ म्हणू लागले, आणि विसाव्या शतकात केवळ स्त्रियांच्या मेळाव्यासही तेच संबोधन लागू झाले. कित्येक स्त्रियांस हे रुचत नाही. शब्द आता लिंगभेदरहित झाला आहे, असे त्यावर उत्तर मिळते. आम्हास ते पुरते पटत नाही. एकट्या स्त्रीकडे बोट दाखवून ‘तो गाय कोण?’ असे सहसा कोणी विचारीत नाही; एकवचनात जो शब्द पुरुषाचाच राहिला, तो अनेकवचनात सर्वांचा झाला म्हणणे सोयीचे आहे, पण निर्विवाद नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडील ‘यॉल’ ह्या शब्दाने ही अडचण केव्हाच सुटली असती. मात्र उत्तरेकडील सुशिक्षितांस तो दीर्घकाळ गावंढळ वाटत आला.