सिनाईच्या पर्वतांतील आरोहण
सिनाईच्या पर्वतांतील आरोहण : ईजिप्तच्या सिनाई द्वीपकल्पाच्या दक्षिण भागातील ग्रॅनाइटी शिखरांवर चढण्याची परंपरा किमान सोळाशे वर्षांची आहे. येथील आरोहणाची सुरुवात क्रीडा म्हणून झाली नाही. तपश्चर्या, तीर्थयात्रा आणि स्थाननिश्चितीचा वाद या क्रमाने तिचा विकास झाला.

दक्षिण सिनाईचा डोंगराळ प्रदेश अरबी-न्यूबियन ढालप्रदेशाचा भाग असून त्यातील ग्रॅनाइट सु. साठ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. तांबड्या समुद्राची खचदरी निर्माण होताना हा भाग उचलला गेला आणि वरचे अवसादी थर झिजून तांबूस रंगाचे ग्रॅनाइट उघडे पडले. जेबेल कॅथरिन (२,६०० मी.पेक्षा अधिक उंच) हे ईजिप्तमधील सर्वोच्च शिखर होय. जेबेल मूसा (२,२८५ मी.) त्याच्या जवळच आहे. पाऊस अत्यल्प असला, तरी हिवाळ्यात शिखरांवर बर्फ पडते. अखंड ग्रॅनाइटात पाणी मुरत नाही; ते खडकाच्या भेगांतून वाहते व आडव्या गेलेल्या भित्तींपाशी साठते. तेथेच विहिरी खोदल्या जातात. या पाण्यावर बेदुईनांच्या बदाम, जर्दाळू व अंजिराच्या दगडी कुंपणाच्या बागा पोसल्या जातात. वाळवंटात माणसाला चढता आले, ते या पाण्यामुळेच.

बायबलमधील मोझेसला ईश्वराकडून दहा आज्ञा जेथे मिळाल्या, तो पर्वत म्हणजेच जेबेल मूसा, अशी ख्रिस्ती परंपरा आहे. तिच्यामुळे चौथ्या शतकापर्यंत अनेक विरक्त येथील कपारींत राहू लागले होते. त्यांची लहान प्रार्थनास्थळे व पाण्याची टाकी यांचे अवशेष आजही आढळतात. याच शतकाच्या अखेरीस ईजीरिया नावाची यात्रेकरू स्त्री पश्चिमेकडून येथे आली. तिने लॅटिनमध्ये लिहिलेल्या वृत्तांताचा काही भाग १८८४ मध्ये इटलीत सापडला. डोंगराला वळसे घालत हळूहळू चढता येत नाही, भिंतीवर चढावे तसे सरळ वर जावे लागते, अशा आशयाचे तिचे वर्णन आहे. पहाटे निघून ती सकाळी दहाच्या सुमारास शिखरावर पोहोचली. तेथे त्या वेळी एक लहान चर्च होते.

सहाव्या शतकात सम्राट जस्टिनिअनने पर्वताच्या पायथ्याशी तटबंदीचा मठ बांधविला. तोच पुढे सेंट कॅथरिनचा मठ म्हणून ओळखला जाऊ लागला. शिखरावर गडगडाट व भीतिदायक चमत्कार होत असल्याने तेथे रात्र काढणे अशक्य आहे, असे समकालीन इतिहासकार प्रोकोपिअस याने नमूद केले आहे. मठाच्या रक्षणासाठी सम्राटाने पाठविलेल्या कुटुंबांचे वंशज म्हणून जेबेलिया ही बेदुईन जमात ओळखली जाते. ही जमात पुढे मुसलमान झाली. मठाशी तिचा संबंध मात्र टिकून राहिला आणि वाटाड्यांचे काम परंपरेने तिच्याकडेच आले. मठापासून शिखराकडे जाणाऱ्या, सु. ३,७५० मानल्या जाणाऱ्या दगडी पायऱ्या मठवासीयांनी रचल्या. या वाटेवरील कमानीपाशी पूर्वी यात्रेकरूंना पापनिवेदन करून मगच पुढे जाता येई. शिखरावर आज १९३४ मध्ये बांधलेले प्रार्थनामंदिर व एक लहान मशीद अशी दोन्ही आहेत.

दुसरी, सोपी वाट एकोणिसाव्या शतकातील आहे. ईजिप्तचा शासक पहिला अब्बास (कार. १८४८–५४) याने येथील थंड हवेत राजवाडा बांधण्यास घेतला. १८५४ मध्ये त्याचा मृत्यू झाल्याने तो अपुरा राहिला. परंतु त्याच्या काळात झालेली उंटांची वाट यात्रेकरूंच्या उपयोगी पडली.

त्याच शतकात आरोहणाला संशोधनाचे स्वरूप आले. स्विस प्रवासी बुर्कहार्ट याने १८१६ मध्ये येथील शिखरांबरोबर पश्चिमेकडील जेबेल सेर्बालही चढून तेथील शिलालेखांची नोंद केली. अमेरिकन पंडित एडवर्ड रॉबिन्सन याने १८३८ मध्ये अर-राहा मैदानासमोरील सफसाफा शिखराच्या बाजूने, तर जर्मन ईजिप्तविद्यावेत्ता लेप्सिउस याने १८४५ मध्ये सेर्बालच्या बाजूने कौल दिला. ब्रिटिश सर्वेक्षण पथकाने १८६८–६९ मध्ये या पर्वतांचे तपशीलवार मोजमाप केले. मोझेसचा पर्वत कोणता, हा प्रश्न त्यामुळे सुटला नाही. मात्र दऱ्याखोऱ्यांचे विश्वसनीय नकाशे प्रथमच तयार झाले.

१९६७ च्या युद्धानंतर सिनाई इझ्राएलच्या ताब्यात होता. हा पर्वतप्रदेश १९७९ मध्ये आणि द्वीपकल्पाचा उरलेला बहुतेक सर्व भाग १९८२ मध्ये ईजिप्तला परत मिळाला. त्यानंतर पर्यटन वाढले. सूर्योदयासाठी रात्री जेबेल मूसावर चढणे हा अनेकांचा परिपाठ झाला. या परिसराला २००२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांत स्थान मिळाले. २०१५ मध्ये बेदुईन जमातींनी एकत्र येऊन लांब पल्ल्याची ‘सिनाई वाट’ सुरू केली. उंची बेताची असली, तरी हे पर्वत निर्धोक नाहीत : फेब्रुवारी २०१४ मध्ये हिमवादळात सापडून चार ईजिप्शियन पदभ्रमणकार मृत्यू पावले.

२०२१ पासून मठाच्या परिसरात शासनाने हॉटेले व रस्ते यांचा मोठा प्रकल्प हाती घेतला. त्याविषयी युनेस्कोनेही चिंता व्यक्त केली आहे. या पर्वतांचे आकर्षण एकांतात आहे, आणि त्यांतील वाटा, विहिरी व बागा राखणारे लोक मोजकेच आहेत. चढणाऱ्यांची सोय वाढविताना या दोहोंना धक्का लागला, तर सोळा शतकांची ही परंपरा केवळ शिखरदर्शनापुरतीच उरण्याचा संभव आहे.