लांकडावर लाखेचा हात

वडिलोपार्जित शिसवी कपाट घांसून काढलें, लांकडाच्या शिरा पुन्हां दिसूं लागल्या, कीं घरांत प्रश्न निघतो : आतां वर काय चढवावें? रंग नको, लांकूड तर दिसलें पाहिजे. तेल, मेण, लाख कीं अलीकडचें कृत्रिम रोगण? प्रश्न कारागिराचा वाटतो खरा, पण त्याचें उत्तर पुष्कळसें इतिहासांत आहे.

पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोंवळ्या डहाळ्यांवर एक सूक्ष्म किडा रस शोषून राहतो व स्वतःभोंवतीं राळेसारखें कवच तयार करतो. तीच लाख. पांडवांच्या लाक्षागृहामुळें तिचें नांव घरोघर ठाऊक आहे. तिचा पेटण्याचा गुणहि! गोव्याच्या आर्चबिशपाचा चिटणीस असलेला डच प्रवासी लिन्शोटेन यानें १५९६ सालीं छापलेल्या ग्रंथांत, हिंदुस्थानांतील पलंग, खुर्च्या व कांतीव सामान यांवर लाख चढविली जाते, अशी नोंद केली आहे. कांतारी फिरत्या लांकडावर लाखेची कांडी दाबून धरतो आणि घर्षणाच्या उष्णतेनें ती वितळून लांकडावर बसते.

कपाटाची सपाट फळी मात्र अशी फिरवितां येत नाहीं. तेथें चपडा, म्हणजे शुद्ध लाखेचे पातळ पापुद्रे, स्पिरिटांत विरघळवून कापडी बोळ्यानें एकावर एक अनेक हात द्यावे लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं युरोपांत ही रीति ‘फ्रेंच पॉलिश’ या नांवानें रूढ झाली. पुढें इंग्लंडांत तिचें इतकें वेड माजलें कीं, तेलामेणावर पोसलेलें जुनें सामानहि खरवडून आरशासारखें चकचकीत करण्यांत आलें. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हाताळणीनें आलेली कांति त्या खरवडण्यांत गेली, ती कायमची. दोष लाखेचा नव्हे, घाईचा होता.

१९२० नंतर फवाऱ्यानें मारावयाचीं सेल्युलोजचीं रोगणें आलीं. १९३७ सालीं जर्मनींत ओटो बायर यांच्या संशोधनांतून पॉलियुरेथेनचा शोध लागला व पुढें त्याचींहि रोगणें निघालीं. पाण्याला व उष्णतेला तीं चांगलीं टिकतात. लाखेवर ओला पेला ठेवला कीं पांढरें वर्तुळ उमटतें, गरम भांड्यानें ती मऊ होते. म्हणून रोजच्या जेवणाच्या टेबलास नवें रोगणच बरें. पण तें तडकलें वा सोलूं लागलें, कीं बहुधा खरवडण्यावांचून गति नसते, आणि खरवडतांना थोडें लांकूडहि जातें. अळशीचें तेल हवेंतील प्राणवायूनें घट्ट होतें, तें पुन्हां सहजासहजीं विरघळत नाहीं. (त्या तेलाचे बोळे ढीग करून ठेवूं नयेत, ते आपोआप पेटतात.)

लाखेची गोष्ट निराळी. नवा हात जुन्या थरांत थोडा विरघळून एकजीव होतो, आणि नको असेल तेव्हां स्पिरिटानें ती काढतां येते. फार जुनी झाल्यावर ती लवकर दाद देत नाहीं, हें खरें. तरी लांकडास धक्का न लावतां मागें फिरण्याची सोय हा तिचा मोठा गुण आहे. जुन्या वस्तूवर शक्यतों पुढें काढतां येईल असेंच द्रव्य लावावें, हा संग्रहालयांतील जाणकारांचाहि दंडक आहे.

म्हणून घांसण्याचा कागद हातीं घेण्यापूर्वीं कपाटाच्या पायाच्या आंतल्या बाजूस स्पिरिटाचा एक थेंब टाकून पहावा. तेथें चिकटपणा आला तर खालीं बहुधा लाखच आहे. मग धूळ व मळ पुसून वर चपड्याचे दोन हात दिले, तरी पुष्कळदां काम भागतें.