लेदरच्या पुस्तकांची कुळकथा

दुसरं महायुद्ध संपलं आणि सैन्यातून सुटलेले अनेक समलिंगी अमेरिकन तरुण घरी न परतता मोठ्या शहरांतच राहिले. मोटारसायकल, जाड बूट, काळं चामडी जाकीट आणि एकमेकांना धरून राहणारी मित्रमंडळी हे त्यांचं जग झालं. १९५४ मध्ये लॉस एंजेलिसला 'सॅटर्स' हा मोटारसायकल क्लब निघाला. ‘लेदर’ नावानं ओळखला जाणारा समाज अशा क्लबांतून आणि बारमधून वाढला. परस्परसंमतीनं वेदना आणि हुकमत यांचं नातं अनुभवणं हाही त्याचा भाग होता.

या माणसांबद्दल लिहायचे ते पोलीस आणि डॉक्टर. १९७२ मध्ये लॅरी टाउनसेंड यांनी ‘द लेदरमॅन्स हँडबुक’ लिहिलं, तेव्हा अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत समलैंगिकता आजार म्हणूनच नोंदलेली होती. ती वगळायला १९७३ चा डिसेंबर उजाडला. टाउनसेंड यांनी सफाई दिली नाही. या जगात नव्यानं येणाऱ्याला तिथल्या रीतीभाती आणि घ्यायची काळजी सरळ सांगितली. मला या पुस्तकाचं मोल इथेच वाटतं.

पुढे एड्सनं एक पिढीच कापून नेली. माणसांबरोबर त्यांची पत्रं, फोटो, जाकिटं, क्लबांचे बिल्लेही नाहीसे होण्याची वेळ आली. म्हणून १९९१ मध्ये चक रेन्स्लो आणि टोनी डीब्लेझ यांनी शिकागोत ‘लेदर आर्काइव्ह्ज अँड म्युझियम’ स्थापन केलं. त्याच वर्षी मार्क थॉम्प्सन यांनी संपादित केलेलं ‘लेदरफोक’ हे पुस्तक आलं.

आपल्याकडची वाट वेगळ्या ठिकाणी सुरू होते. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढत. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र, आत वाचकांचे लाजत विचारलेले प्रश्न आणि कर्व्यांची रोखठोक उत्तरं. १९३४ मध्ये अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. प्रश्न हस्तमैथुनाचे होते, तसे समलिंगी संबंधांचेही होते. कर्व्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. पण त्यांनी मासिक बंद केलं नाही, १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. मराठीत या विषयावर उघड बोलण्याचं कूळ शोधायचं तर मी या मासिकापाशी थांबतो.

नंतर याच विषयावरचं विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक रंगभूमीवर आलं. २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी पुण्यात ‘समपथिक ट्रस्ट’ स्थापन केला आणि ‘पार्टनर’, ‘इंद्रधनू’ अशी पुस्तकं स्वतः लिहून लोकांपर्यंत नेली. २००६ मध्ये सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी मौज प्रकाशनानं काढली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले.

आपल्या जिंतूरमध्येही असं पुस्तक हवं असणारा कुणीतरी आहेच. ओळखीच्या दुकानात ते नावानं मागणं त्याला जड जातं, आणि मोबाइलवर समोर येतं ते बहुतेक टवाळीचं किंवा भीती घालणारं. म्हणून तालुक्यातल्या ग्रंथालयांच्या संचालकांना विनंती आहे: पुढच्या ग्रंथखरेदीत ‘पार्टनर’ आणि ‘कोबाल्ट ब्लू’ घ्या, आणि बंद कपाटात न ठेवता इतर कादंबऱ्यांच्या रांगेत लावा.