अस्वलाच्या मुलखात एकटं जाताना



आजचा विषय उमापुरात ऐकायला थोडा विचित्र वाटेल. आपल्याकडे अस्वल नाही. गोदाकाठच्या या काळ्या रानात कापूस आहे, ऊस आहे, फार तर हरणं आणि रानडुकरं आहेत. पण आपली तरुण मुलं आता गाडीत गादी, स्टोव्ह आणि पाण्याचा कॅन टाकून एकटीच चार-आठ दिवस बाहेर पडतात, रात्री गाडीतच झोपतात. सकाळी इथून निघालेला माणूस जालन्यावरून दिवस मावळायच्या आत बुलढाण्याला पोहोचतो. पुढे खामगावच्या रस्त्याला ज्ञानगंगा अभयारण्य लागतं. तो अस्वलांचा मुलूख. त्याच्याही पलीकडे मेळघाट. तेव्हा प्रश्न असा की, अशा मुलखात एकट्याने जायचं तर तयारी कशाची करायची? या प्रश्नाला इतिहास आहे.

जुन्या काळी प्रवासाची पहिली तयारी म्हणजे सोबत शोधणं. १८५७ साली पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तरेकडे निघाले, ते काकांना बरोबर घेऊन. पुढे बंडाच्या धामधुमीत सापडले, आणि त्याची हकीकत 'माझा प्रवास' या नावाने १९०७ साली छापून आली. त्या काळच्या माणसाला मुक्काम कुठे, पाणी कुठे, वाटेत चोर की श्वापद, हे सगळं बरोबरच्या आणि भेटणाऱ्या माणसांकडूनच कळायचं. नकाशा माणसांच्या तोंडात होता. एकटा निघाला तो एकतर संन्यासी, नाहीतर घरातून हाकललेला, अशीच लोकांची समजूत.

संन्याशाचं उदाहरण आपल्याला लांब शोधायला नको. तेराव्या शतकात श्रीचक्रधर पैठणला, म्हणजे आपल्या शेजारीच, वावरले. म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या 'लीळाचरित्रा'च्या एका भागाचं नावच 'एकांक' आहे. त्यात त्यांच्या एकट्या भ्रमणाच्या लीळा आहेत. सालबर्डीच्या डोंगरातलं त्यांचं वास्तव्य त्याच काळातलं. सालबर्डी म्हणजे मोर्शीच्या वर, सातपुड्याचं रान. बरोबर शिधा नाही, शस्त्र नाही. पारध्यांपुढे पळणारा ससा त्यांच्या आश्रयाला आला, तेव्हा त्यांनी तो पारध्यांच्या हाती दिला नाही, ही लीळा तुम्हाला माहीत असेल. आता यात तयारी कुठे आहे? मला वाटतं, आहे. आपल्यापासून दुसऱ्याला भय नसावं, ही ती तयारी. आपण नेमकी उलटी तयारी करतो. दुसऱ्यापासून आपल्याला भय नसावं, एवढंच बघतो.

बृहदारण्यकात एक फार मार्मिक गोष्ट आहे. आरंभी एकटाच असलेला तो पुरुष घाबरला. मग त्याने विचार केला, माझ्याखेरीज इथे दुसरं कुणी नाही, तर भय कुणाचं? आणि भीती गेली. भय दुसऱ्यापासून येतं, हा त्याचा निष्कर्ष. उपनिषदाचा अर्थ मोठा आहे, तो आज बाजूला ठेवू. पण रानात हा उपाय चालत नाही. तिथे दुसरा आहेच. आपण गेलो नव्हतो तेव्हाही तो होता. तेव्हा त्याला ओळखणं हाच मार्ग उरतो.

आणि आपली ओळखच चुकीची आहे! मराठवाड्यातल्या माझ्या पिढीने अस्वल पाहिलं ते दरवेशाच्या दोरीला. नाकात वेसण, डमरूवर नाच. पोराची भीती जावी म्हणून त्याला अस्वलाच्या पाठीवर बसवायचं, केस ताईतात घालायचे. २००९ च्या सुमारास देशातला हा खेळ संपला, हे चांगलं झालं. पण वेसणीतल्या अस्वलाची प्रतिमा मनात राहिलीच. शास्त्रज्ञही फसले होते. १७९१ मध्ये जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने लांब नखं बघून आपल्या अस्वलाला दक्षिण अमेरिकेतल्या स्लॉथ या झाडावरच्या प्राण्याच्या गणात टाकलं. म्हणून इंग्रजीत त्याला अजून 'स्लॉथ बेअर' म्हणतात.

आज तिसरी चूक मोबाइलवरून होते. तिथे मिळणारे सल्ले बहुतेक अमेरिकेतले. तिथलं काळं अस्वल खाण्याच्या वासाने येतं. योसेमिटी उद्यानात १९९० नंतरच्या दशकात त्यांनी शेकडो मोटारी फोडल्या. म्हणून तिथे सगळा भर अन्न लोखंडी पेटीत ठेवण्यावर. अन्न झाकावं, उष्टं टाकू नये, हे आपल्याकडेही खरंच. पण आपल्या अस्वलाचं मुख्य खाणं वाळवी, मुंग्या, मध, जांभळं, बोरं आणि मोहाची फुलं. ते तुमच्या डब्यासाठी सहसा येत नाही. त्याला ऐकू आणि दिसायला बेताचं. वारूळ उकरण्यात गुंतलं की माणूस अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही. मग ते दचकतं आणि अंगावर येतं. शिवाय मादी पिलं पाठीवर घेऊन हिंडते. म्हणून पहाटे आणि तिन्हीसांजेला पायी फिरायचं नाही. अंधारात गाडीतून उतरायचं तर आधी दिवा, आवाज. खडकांच्या कपारीपाशी, पाणवठ्यापाशी, फळलेल्या झाडाखाली गाडी लावायची नाही. लांबून दिसलं तर पळायचं नाही, हळूहळू मागे सरायचं.

आणि अभयारण्यात मनाला येईल तिथे गाडी लावून झोपता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे आत शिरायलाच परवानगी लागते. मुक्काम बाहेरच्या गावात करावा, आणि तिथल्या माणसांना विचारावं.

विचारायचं ते यासाठी की खरी जोखीम त्यांची आहे. आपण पत्र्याच्या पेटीत काच वर करून बसतो. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडची माणसं, त्यात बायका पुष्कळ, मार्च-एप्रिलात पहाटेच्या अंधारात मोहफुलं वेचायला पायी जातात. अस्वलही त्याच वेळी त्याच झाडाखाली येतं. त्यांना ही सहल परवडत नाही, टाळताही येत नाही. ते त्यांचं पोट आहे. अस्वलाने कुणी जखमी झाल्याची बातमी येते, तेव्हा ती बहुधा अशाच माणसाची असते. ही माणसं घोळक्याने, बोलत जातात. म्हणजे 'सोबत' हीच जुनी तयारी अजून त्यांच्या कामाला येते.

तेव्हा एकटं जरूर जा. एकांत ही चांगली गोष्ट आहे. पण रान रिकामं आहे असं समजून जाऊ नका. रानाच्या कडेच्या चहाच्या टपरीवर गाडी थांबवा आणि विचारा, हल्ली अस्वल कोणत्या बाजूला हिंडतंय? जे उत्तर मिळेल, त्याप्रमाणे पुढचा मुक्काम ठरवा.