किल्लीची सोयरीक

ट्रॅक्टरची किल्ली हरवली म्हणून आमच्या जानेफळात कुणाची पेरणी खोळंबल्याचं मला आठवत नाही. शेजाऱ्याची आणायची. त्याच कंपनीचा ट्रॅक्टर असला की ती बहुधा लागते. नाहीच लागली तर कुणीतरी स्टीअरिंगखाली हात घालतो आणि दोन वायरी जोडून देतो. त्याच भरवशावर मी होतो. गेल्या हंगामात सोयाबीन काढताना माझ्या जुन्या कारची किल्ली खिशातून निसटली आणि कुटाराच्या ढिगात गेली. बाबा म्हणाले, "किल्लीच तं हाय बाबू, मेहकरले जाय अन् घासून आन."

घासून आणली. दार उघडलं, इंजिन सुरू झालं आणि दोन सेकंदांत बंद पडलं. तीनदा तसंच.

मग मी या वस्तूचं कूळ शोधायला लागलो. नावांपासूनच गंमत आहे. कुलूप मूळचं अरबी 'कुफ्ल'. फारसीच्या वाटेनं आलं आणि त्याची अक्षरं उलटीपालटी झाली. चावी पोर्तुगिजांच्या गलबतातून उतरली. किल्ली मात्र घरची. संस्कृत 'कील' म्हणजे खुंटी, मेख. आपली खीळ तिचीच भावंड. आणि हे नाव अगदी चपखल आहे, कारण जुन्यात जुनं कुलूप म्हणजे खुंट्याच. प्राचीन इजिप्तच्या लाकडी कुलपात वरून खुंट्या पडत आणि अडसर अडकवत. दातेरी दांडा आत घालून त्या उचलायच्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेतल्या येल बापलेकांनी हेच तत्त्व पितळेत बारीक करून बसवलं. मुंबईत लालबागला अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये कुलपं करायला घेतली, तीही याच दुनियेतली. किल्ली म्हणजे एक आकार. आकार जुळला की काम झालं.

बाजारात बसणारा चावीवाला अजून त्याच दुनियेत राहतो. कोरी पट्टी दिव्यावर धरून काळी करायची, कुलपात घालून हलकेच पिळायची, बाहेर काढून उजेडात धरायची. काजळीवर जिथे बारीक चकाकी दिसते तिथेच कानस चालवायची. पुन्हा काळी करायची, पुन्हा घालायची. मूळ किल्ली समोर नसताना हा माणूस कुलपालाच बोलतं करतो. याच्यापुढे संगणक लावून केलेलं कामही मला फिकंच वाटतं.

मोटारीत किल्ली उशिरा आली. आधी पुढून हँडल मारायचं. चार्ल्स केटरिंग यांचा विजेवरचा सेल्फस्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये बसला, आणि किल्ली फिरवूनच इंजिन सुरू करायची सोय क्रायस्लरनं १९४९ मध्ये आणली. तोवर चोरही कानस वापरायला शिकले होते. म्हणून १९८६ च्या कॉर्व्हेट गाडीच्या किल्लीत विजेचा एक बारका रोधक बसवला. पंधरा किमतींपैकी बरोबर तीच असेल तरच गाडी सुरू. किल्लीला आकारासोबत अंक फुटला तो इथे. पुढे रोधकाच्या जागी चिप आली. युरोपनं १९९८ पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचाच केला.

माझ्या गाडीत नेमकं हेच होतं. किल्लीच्या प्लास्टिकमध्ये हरभऱ्याच्या दाण्याएवढी चिप असते. तिला सेल लागत नाही. किल्लीच्या भोकाभोवती तारेचं वेटोळं असतं, ते तिला लांबूनच वीज पाजतं आणि नाव विचारतं. नाव ओळखीचं नसेल तर इंजिन बंद. मेहकरच्या पट्टीला नावच नव्हतं.

दाराची बटणं ही वेगळीच शाखा. ती १९८२ मध्ये रेनोच्या फ्युएगो गाडीपासून निघाली. तिचे जनक पॉल लिपशुट्झ यांच्या नावावरून फ्रेंच माणूस अजून या रिमोटला 'प्लिप' म्हणतो. सुरुवातीचे रिमोट दर वेळी एकच संकेत सोडत. कुणी तो टिपून ठेवला की दार त्याचं. यावर दक्षिण आफ्रिकेत कीलॉक नावाची युक्ती निघाली: दर दाबाला संकेत बदलायचा आणि गाडीनंही सोबत मोजत राहायचं. पोरानं घरात बसून बटण दाबत राहिलं तर किल्ली पुढे निघून जाते. कीलॉकमध्ये सोळा पावलांपर्यंत गाडी समजून घेते. त्यापुढे गेलं तर लागोपाठ दोनदा दाबावं लागतं, तेव्हा तिची खात्री पटते. आमच्या घरात हा अनुभव सगळ्यांना आहे, फक्त कारण माहीत नव्हतं.

घरी करता येतं ते याच शाखेचं. अमेरिकेतल्या कित्येक फोर्ड गाड्यांत दहा सेकंदांत आठ वेळा किल्ली चालू-बंद केली की कुलपं खटखटतात आणि गाडी नव्या रिमोटची ओळख करून घ्यायला बसते. माझ्या गाडीतली बटणांची यंत्रणा बाहेरून बसवलेली, तिचा विधी निराळा: किल्ली चालू, डॅशबोर्डखाली लपलेलं बटण दाबून धरायचं, दिवे मिचकावले की नव्या रिमोटचं बटण दाबायचं. मागवलेल्या रिमोटसोबत आलेला कागद मोबाइलच्या उजेडात वाचत, मान वाकडी करून मी चौथ्या खेपेला जमवलं. अंगणात हॉर्न वाजला तेव्हा बाबा खाटेवरून उठून आले.

पण बायकोजवळची चांगली चालणारी किल्ली मुकी झाली. नव्याची नोंद करताना ही यंत्रणा आधीची सगळी यादी पुसते. जितके रिमोट ठेवायचे तितके एकाच बैठकीत हजर पाहिजेत, साक्षगंधाला सगळे सोयरे लागतात तसे. पुन्हा बसलो. या वेळी दोन्ही रिमोट मांडीवर घेऊन.

चिप मात्र घरी जमली नाही. तिला गाडीच्या पोटातल्या संगणकाशी बोलणारं यंत्र लागतं. ते घेऊन एक पोरगा आला, पट्टीत चिप बसवली, स्टीअरिंगखालच्या खाचेत वायर घातली, आणि मेहकरच्या पट्टीला नाव मिळालं. तो चहा पिऊन जाईपर्यंत सगळं उरकलं होतं.

हिवाळ्याअखेर गोठ्यात कुटार टाकताना बाबांच्या हाती हरवलेली किल्ली आली. प्लास्टिक उललेलं, बटणांत भुसा. मी गाडीसमोर उभा राहून दाबली, काही नाही. बैठकीला ती हजर नव्हती. मग दाराच्या भोकात घालून फिरवली, आत बसलो, चालू केली. इंजिन सुरू झालं आणि सुरूच राहिलं. चिपांची यादी वेगळी, ती कुणी पुसलीच नव्हती.

"म्या सांगतलं होतं," बाबा म्हणाले, "किल्लीच तं हाय."