मेंदूतरंगांचे शिक्षण : पुराव्याचा इतिहास

मेंदूतील विद्युत्तरंग स्वेच्छेने बदलता येतात काय, हा एक प्रश्न. ते बदलल्याने बुद्धीचे कार्य सुधारते काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर होकारार्थी मिळताच दुसऱ्याचेही मिळाले असे मानले गेले. या गल्लतीचा इतिहास उद्बोधक आहे.

मानवी मेंदूतरंगांची पहिली नोंद येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये केली व १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसात सेकंदास सुमारे दहा या गतीने उमटणाऱ्या तरंगास त्यांनी 'अल्फा' म्हटले. १९५०–६० च्या दशकाच्या अखेरीस शिकागो येथे जो कामिया यांनी, आपल्या मेंदूत या क्षणी अल्फा आहे की नाही हे ओळखण्यास माणसे शिकतात, असे दाखविले. १९६८ मध्ये त्यांचा लेख एका लोकप्रिय मासिकात आला आणि अल्फा ही मनःशांतीची गुरुकिल्ली ठरली.

तथापि १९७३ मध्ये पास्केविट्झ व ऑर्न यांनी संपूर्ण अंधारात प्रयोग केला, तेव्हा शिक्षणानंतरही अल्फा विश्रांतीच्या पातळीवर चढला नाही. प्रकाशात तो आधी दबे, मग सावरे. हे सावरणेच प्रगती म्हणून मोजले गेले होते.

याउलट लॉस एंजेलिसच्या बॅरी स्टर्मन यांचा पुरावा अधिक भक्कम होता. सेकंदास १२ ते १५ गतीचा तरंग उत्पन्न करण्यास त्यांनी मांजरांना दुधाच्या बक्षिसाने शिकविले. अशा मांजरांना अग्निबाणाच्या विषारी इंधनाने येणारे झटके उशिरा आले. मांजराला प्रयोगाच्या फलाची अपेक्षा नसते, हे येथे महत्त्वाचे. परंतु झटक्यांना प्रतिकार म्हणजे बुद्धिवर्धन नव्हे.

माणसाला मात्र अपेक्षा असते. म्हणून आभासी शिक्षण घेणाऱ्या गटाशी तुलना अपरिहार्य ठरते. २००३ मध्ये लंडनच्या संगीत विद्यार्थ्यांचे वादन अशा शिक्षणाने सुधारल्याचे एग्नर व ग्रुझेलिअर यांनी नोंदविले. आभासी गट तेथे नव्हता. अवधानदोष असलेल्या मुलांवरील अमेरिकेतील चाचणीत तो होता. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार दोन्ही गट सारखेच सुधारले.

मुले सुधारली, हे खरे. तरंगांमुळे सुधारली, हे सिद्ध झाले नाही. उपचाराचे यश आणि उपपत्तीचे यश यांतील हे अंतर अभ्यासकाने विसरू नये.