चोवीस कामट्या

आमच्याकडे आकाशकंदिलाची तयारी खंडेनवमीला सुरू व्हायची, आणि तीही घरात नव्हे, वर्कशॉपात.

माटुंग्याचं वर्कशॉप म्हणजे रेल्वेचे डबे दुरुस्त करण्याचा कारखाना. जीआयपी रेल्वेनं तो १९१५ साली उभारला. एका अंगाला मध्य रेल्वेचे रूळ, दुसऱ्या अंगाला पश्चिम रेल्वेचे. वडील तिथे सुतार होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. नवमीला वर्कशॉपात यंत्रांची पूजा असे आणि त्या दिवशी आम्हा पोरांनाही आत जायला मिळे. एरवी तेलानं काळं झालेलं लेथ त्या दिवशी झेंडूचे हार आणि क्रेप कागदाच्या झालरी घालून नवरदेवासारखं उभं. दादा त्याला खंडेनवमी म्हणत, त्यांच्या शेजारच्या बाकावरचे तमिळ फिटर आयुधपूजा म्हणत. नारळ एकच फुटायचा.

सगळी सजावट वर्गणीची. पूजा झाली की उरलेला कागद वाटून घेत. वर्कशॉपच्या मालकीचा एक खिळा दादांनी कधी घरी आणला नाही, पण क्रेप कागदाचा आपला वाटा मात्र ते हक्कानं काखेत मारून आणत. त्याच्याच आमच्या कंदिलाला शेपट्या लागायच्या. त्यामुळे कंदिलाचा रंग आमच्या आवडीवर नसे, यंत्राला कुठली झालर लावली होती त्यावर ठरे. एका वर्षी सगळा जांभळाच आला. आई म्हणाली, हे काय, वांगं टांगल्यासारखं दिसतंय.

‘पूर्वी सगळं घरीच करायचे’ असं माझ्या वयाची माणसं उसासा टाकून म्हणतात तेव्हा मला थोडं हसू येतं. पूर्वी म्हणजे कधी? उंच काठीवर दिवा चढवून पितरांना वाट दाखवायची, ही आकाशदीपाची चाल जुनी, धर्मग्रंथांत कार्तिकमासाच्या वर्णनात आलेली. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या प. कृ. गोड्यांनी दिवाळीचे असे जुने उल्लेख चिकाटीनं गोळा केले होते. पण त्या दिव्यात आणि आमच्या गॅलरीतल्या कंदिलात फार अंतर आहे. ‘कंदील’ हा शब्दच मुळात अरबी वळणाचा, आणि त्याच्याही मागे लॅटिनमधली मेणबत्ती. पतंगी कागद, बांबूच्या कामट्या, वायर, होल्डर आणि बल्ब, हे सगळं जुळून यायला शहर लागतं. मुंबईत वीज पुरवणारी बीईएसटी कंपनी १९०५ सालची. तिची तार चाळींच्या गॅलऱ्यांपर्यंत यायला आणखी वेळ लागला. म्हणजे ज्या कंदिलाला आपण ‘पारंपरिक’ म्हणतो तो माझ्या आजीपेक्षा फार म्हातारा नसावा. यात त्याचा अपमान नाही.

करायची रीत सांगते. बुरुडाकडून कामट्या आणायच्या, एकेक वीतभर. दादा त्या चाकूनं तासून सारख्या करत. सुताराचा डोळा, सूतभर फरकही चालत नसे. चार-चार कामट्यांचे सहा चौकोन बांधायचे. एक वर, एक खाली, आणि मधले चार कोपऱ्यावर उभे, शंकरपाळ्यासारखे. कोपऱ्याला कोपरा दोऱ्यानं जखडला की चौकोनांच्या मधे आपोआप आठ त्रिकोण तयार होतात. चोवीस कामट्या, बारा गाठी. वरचा आणि खालचा चौकोन उघडाच ठेवायचा: वरून बल्ब सोडायला, आणि गरम हवा निघून जायला. बाकीचे चार चौकोन नि आठ त्रिकोण कागदानं मढवायचे, कडांना कागदाच्या करंज्या, खाली शेपट्या.

खळ आईची. कणकेत पाणी घालून मंद आचेवर घोटायची, आणि शेवटी चिमूटभर मोरचूद, म्हणजे झुरळं आणि मुंग्या कागद खात नाहीत. ते विष असल्यामुळे पातेलं वेगळं, माळ्यावर ठेवलेलं, वर्षातून एकदाच खाली येणारं. त्या निळसर खळीचा वास मला आजही चकलीच्या वासाच्या आधी आठवतो.

बल्ब चाळीसचा लावला तर चार दिवसांत कागद पिवळा पडे. म्हणून ‘झिरोचा’. त्यालाही दहा-पंधरा वॅट वीज लागतेच, पण जुन्या मीटरला ती कळायची नाही म्हणून नाव पडलं झिरो. उलट फिरता कंदील करायचा तर चाळीसचाच हवा. त्यात वर कागदाची चक्री असते, गरम हवा वर चढताना तिला ढकलते आणि तिला चिकटवलेली हत्ती-घोड्यांची चित्रं बाहेरच्या कागदावर सावल्या टाकत फिरतात. दादांनी तो दोनदा केला. दोन्ही वेळा परतीच्या पावसानं धुऊन नेला.

आता रुळांपलीकडची गोष्ट.

१८९६च्या प्लेगनंतर सरकारनं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला आणि त्या ट्रस्टनं दादर-माटुंग्याची शेतं आणि मोकळी जमीन आखून रस्ते, बागा, इमारती उभ्या केल्या. पुढं कचेऱ्यांत कारकुनी करायला आलेली दक्षिणी कुटुंबं पूर्वेच्या बाजूला किंग्ज सर्कलभोवती वसली. माझी एक वर्गमैत्रीण तिथली. तिच्या आईला सगळे मामी म्हणत. मला कितीतरी दिवस वाटायचं की आपला एक मामा आपल्याला न सांगता मद्राशी झालाय. तमिळ घरांत मामी म्हणजे आपली काकू, हे मोठेपणी कळलं.

मामींच्या घरी नवरात्रात कोलू मांडलेला असे. पत्र्याच्या ट्रंका, जाड पुस्तकं, फळ्या रचून पायऱ्या करायच्या, विषम संख्येच्या, त्यांवर पांढरी वेष्टी अंथरायची आणि बाहुल्या मांडायच्या. लाल चंदनी लाकडाची नवरा-नवरीची जोडी मामींच्या लग्नात आलेली. दर वर्षी तिला नवे कपडे मामी स्वतः शिवत. पण मला बाहुल्यांपेक्षा खालची जमीन आवडायची. पायऱ्यांपुढं मुलं वाळूमातीचा एक बगीचा करायची: आरशाचं तळं, काड्यांचं कुंपण, आणि मोहरी पेरून उगवलेलं हिरवं गवत.

हा तर आमचा किल्ला! विटा, गोणपाट, लाल माती, माथ्यावर शिवाजीमहाराज आणि उतारावर हळीव. मैत्रिणीचं म्हणणं, आम्ही त्यांची नक्कल केली. मी म्हटलं, आमचे मावळे आहेत, तुमच्याकडे नुसते बदक. भांडण झालं. मामींनी दोघींच्या हातात सुंडलच्या, म्हणजे त्यांच्या कोरड्या उसळीच्या, वाट्या दिल्या आणि मला सांगितलं की मोहरी दोन दिवस आधी पेरावी लागते. मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, हळीव ओल्या मातीवर नुसता फेकला तरी चिकटतो. संध्याकाळी आमच्याकडे भोंडला. पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर. माटुंगा हे नाव मातंगावरून, म्हणजे हत्तीवरून आलं, भीमदेव राजाचे हत्ती इथं बांधलेले असत, असं सांगतात. खरं असो नसो, मैत्रिणीला मी ते ठासून सांगितलं, आणि तिनं पहिल्या फटक्यात आमची खिरापत ओळखली.

मामींचा सुंडलचा डबा रिकामा कसा परत करायचा? डब्यात आई करंज्या घाली, आणि डब्याबरोबर दादा एक पिलू धाडत, म्हणजे टीचभर कामट्यांचा छोटा कंदील. तमिळ घरांतही नरकचतुर्दशीला पहाटे तेलाचं स्नान असतं, पण दिव्यांचा त्यांचा खरा सण कार्तिगै, आमच्या दिवाळीनंतर येणारा. त्यामुळे मामी कंदील उतरवतच नसत. दारात पहाटे घातलेलं तांदळाच्या पिठाचं कोलम आणि वर आमचं पिलू, असं ते कधी कधी डिसेंबर उजाडेपर्यंत चाले. तोवर आमच्या मजल्यावरच्या कॅथलिक बाई दादांकडे पाच टोकांची चांदणी मागायला आलेल्या असत. दादा म्हणत, ही तर सोपी, दहाच कामट्या. नाताळला त्यांच्याकडून ताटलीभर कलकल यायचे.

यातली कुठलीही गोष्ट ‘भेटवस्तू’ म्हणून कुणी केली नव्हती. भेटवस्तू हा शब्दच आमच्याकडे नव्हता.

पेरांबूरचा पोलादी डब्यांचा कारखाना १९५५ साली सुरू झाला. तिथले डबे येऊ लागले तसे लाकडी अंगाचे डबे हळूहळू कमी झाले. दादांच्या हाताला असलेलं सूक्ष्म काम आधी वर्कशॉपातून गेलं, मग ते घरात जास्त दिसू लागलं. त्यांचे सर्वांत देखणे कंदील त्या काळातले आहेत, हे मला फार उशिरा उमजलं.

माहीमला लेडी जमशेटजी रोडवर कंदिलांची रांग लागते, तिलाच लोक कंदील गल्ली म्हणतात. तिथं मी दर वर्षी जाते. बाजाराच्या कंदिलावर माझा राग नाही. तो कुणीतरी हातानंच बांधलेला असतो, रात्री जागून, मजुरीवर. थर्माकोलचे मात्र मला कधीच आवडले नाहीत. २०१८च्या बंदीनंतर ते दिसेनासे झाले तेव्हा मी हळहळले नाही.

गेल्या वर्षी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या नातवाला बसवून मी चोवीस कामट्या मोजून दिल्या. शेवटची गाठ मारल्यावर तो म्हणाला, “आजी, हा तर क्यूबोक्टाहेड्रॉन!” मग फोनवर शोधून सांगितलं की हे नाव केप्लरनं १६१९च्या ग्रंथात दिलंय. आणि बकमिन्स्टर फुलर नावाच्या अमेरिकन माणसानं हाच आकार मुरगळून मिटवून दाखवला होता, कारण नुसता सांगाडा पक्का नसतो. ते वाचता वाचता त्याच्या हातातला सांगाडा खरंच कलंडला, पिळला, चौकोनांचे शंकरपाळे झाले.

“चुकलं वाटतं माझं. परत बांधू?”

“नको,” मी म्हटलं. “कागद लागला की उभा राहतो तो. गॅसवर खळ आहे, बुडाला लागली नाही ना बघ.”